हजेरीपत्रकाबाहेरचे मूल

शाळांचा इतिहास लिहिणारे बहुधा हजर मुलांचाच इतिहास लिहितात. किती शाळा निघाल्या, पटावर किती नावे चढली, किती विद्यार्थी परीक्षेस बसले व त्यांतील किती उत्तीर्ण झाले, या आकड्यांवरून एखाद्या संस्थेची वा राजवटीची शैक्षणिक कामगिरी ठरविण्याचा आपला प्रघात आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु हजेरीपत्रकात रोज सकाळी जशी हजेरीची खूण होते, तशीच गैरहजेरीचीही होत असते; आणि या दुसऱ्या खुणेमागे काय घडले आहे, हे पत्रकावरून कधीच कळत नाही. मुलास ताप आला असेल, त्यास गुरे राखावयास धाडले असेल, धाकट्या भावंडास सांभाळावयास घरी कोणी नसेल, आदल्या दिवशी मास्तरांनी मारले असेल, अंगावर घालावयास धड कपडा नसेल. या सर्वांस पत्रकात खूण एकच. शिवाय शरीराने वर्गात बसलेले आणि मनाने वर्गाबाहेर असलेले मूल तर पत्रकास दिसतच नाही.

अशा मुलाकडे पाहण्याचे काम शाळेत नेमके कोणाचे? अलीकडे या प्रश्नास 'समुपदेशकाचे' असे उत्तर मिळू लागले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नाचा विचार करताना जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे सांगितले आहे. म्हणजे जे काम आजवर सुखवस्तू शहरी शाळांची हौस समजले जात होते, ते आता प्रत्येक शाळेचे कर्तव्य होऊ पाहत आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु एखादे पद निर्माण होते तेव्हा त्या पदाचा अर्थ आपोआप निर्माण होत नाही. तो पूर्वानुभवातून घ्यावा लागतो. आणि या बाबतीतला पूर्वानुभव परदेशातूनच आणला पाहिजे असे मुळीच नाही. आज ज्यास पालघर जिल्हा म्हणतात त्याच भूमीवर, वसईहून थोड्या तासांच्या आगगाडीच्या प्रवासावर, ऐंशी वर्षांपूर्वी या कामाचा एक मोठा प्रयोग झाला. त्याची आठवण या प्रसंगी करणे अगत्याचे वाटते.

शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलाविषयी आपल्याकडे आजवर तीन प्रकारे विचार झालेला दिसतो. पहिला प्रकार कायद्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि तिसरा, ज्यास अद्याप नीटसे नाव मिळालेले नाही, तो दारी जाण्याचा. तिन्हींचा विचार क्रमाने करू.

मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम स्पष्टपणे ज्यांनी विचारला त्यांत जोतीराव फुले हे अग्रगण्य होत. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनात त्यांनी सक्तीस जोडून आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे तितके लक्ष जात नाही. शेतकऱ्याच्या मुलास गुरे राखावी लागतात, शेतावर जावे लागते; तेव्हा अशा घरांतून मुले शाळेत यावयास हवी असतील तर त्यांस विद्यावेतने व बक्षिसे देऊन उत्तेजन दिले पाहिजे, असे ते म्हणतात. अर्थात गैरहजेरी ही आळसाची वा अज्ञानाची खूण नसून एका संसाराच्या हिशेबाचा भाग आहे, हे फुल्यांनी ओळखले होते.

पुढे सक्ती आली, पण ती प्रथम देशी संस्थानांत आली. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांचे १९११ चे विधेयक संमत झाले नाही, आणि या संस्थानांचे पाऊल त्यामुळे अधिकच उठून दिसते. तथापि कायदा आला की दंड येतो. मूल न धाडणाऱ्या पालकास दंड करावा अशी तरतूद दोन्हीकडे होती. सक्तीमागील हेतू उदात्त होता, आणि ती नसती तर लक्षावधी मुलांस अक्षरओळख झाली नसती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दंड वसूल करणाऱ्या कारकुनास मुलाच्या गैरहजेरीचे कारण विचारावे लागत नाही. शाळा आहे तशीच योग्य आहे, मुलाने तेवढे तिच्यात येऊन बसावे, हे गृहीत धरूनच कायदा चालतो. गावात 'दिपोटी' तपासणीस येणार असे कळले की मास्तर जी मुले गोळा करीत, ती याच गृहीताची फलश्रुती होय.

दुसरा प्रकार तज्ज्ञाचा. त्याचा जन्म औद्योगिक शहरांत झाला. अमेरिकेत बॉस्टन येथे फ्रँक पार्सन्स याने १९०८ मध्ये तरुणांस व्यवसायाची निवड करण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडली. त्याच वर्षी तो निवर्तला, आणि त्याचे या विषयावरील पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. लंडन कौंटी कौन्सिलने १९१३ मध्ये सिरिल बर्ट याची शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली; त्याचे मुख्य काम मुलांची बुद्धी मोजणे व मंद मुले निराळी काढणे हे होते. ही लाट आपल्याकडेही पोहोचली. बिने याच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांस लागू पडतील अशा रीतीने व्ही. व्ही. कामत यांनी तयार केल्या आणि १९४० मध्ये त्यांचा त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईस १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिच्या आश्रयाखाली १९३७ मध्ये मुलांच्या मानसिक अडचणींचा विचार करणारे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. या देशातील अशा केंद्रांत ते पहिले गणले जाते. पुढे १९५० मध्ये मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचे स्वतंत्र कार्यालयही काढले.

या परंपरेचे ऋण लहान नाही. मूल चुकले की त्यास छडी मारणे हा एकच उपाय ज्या काळी ठाऊक होता, त्या काळी 'मुलाच्या वागण्यास कारण असते, आणि ते शोधता येते' हा विचार तिने रुजविला. आज समुपदेशक या शब्दाने जो मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो याच परंपरेचा वारस आहे. परंतु तिला एक मर्यादा जन्मतःच चिकटलेली होती. तज्ज्ञ आपल्या खोलीत बसतो; मूल त्याच्याकडे आणावे लागते. जे मूल शाळेत आहे, ज्याच्या घरी त्यास केंद्रावर नेण्याइतकी सवड व समज आहे, ज्याची भाषा तज्ज्ञाच्या भाषेशी जुळते, त्यासच त्याचा लाभ होतो. आणि दुसरे असे की, तज्ज्ञाची दृष्टी स्वभावतःच मुलाच्या ठिकाणी दोष शोधू लागते. मूल शाळेत रमत नाही तर मुलात काय कमी आहे, असे तो विचारतो. शाळेत काय कमी आहे, असे विचारण्याची त्यास मुभाच नसते.

तो प्रश्न विचारण्याचे काम बोर्डी येथे झाले.

बोर्डी हे आजच्या डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. चिकूच्या बागा, सुरूची बने, आणि १९२० मध्ये निघालेले गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल यांमुळे ते त्या भागात प्रसिद्ध होते. येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्राची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. त्या मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर. भावनगरास दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर उघडले होते; तेथे ताराबाईंनी त्यांच्यासह काम केले, आणि १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईस दादर येथे त्यांनी शिशुविहार चालविला. म्हणजे बालशिक्षणातील त्या काळचे सर्वोत्तम ज्ञान त्यांच्या हाती होते. परंतु माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या मजूरवस्तीतील मुलांसाठी आरंभिलेली ही पद्धती आपल्याकडे येईतो श्रीमंतांच्या घरची झाली होती. तिची साधने महाग, तिच्या शिक्षिका शहरी, तिची मुले न्हाऊमाखू घातलेली. हे शिक्षण दरिद्री खेड्यातील मुलास देता येते काय, हा प्रश्न घेऊन ताराबाई बोर्डीस आल्या. त्याच वर्षी पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. बालपणीच विवाह व वैधव्य दोन्ही भोगून, रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या या बाईंनी पुढील सारे आयुष्य, १९९२ पर्यंत, या कामास वाहिले. १९५७ मध्ये संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेली आणि वारली मुले हाच तिचा मुख्य विषय झाला.

या वारली मुलांची स्थिती समजून घेतल्यावाचून पुढील हकीकतीचे मर्म कळणार नाही. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जमिनी सावकार व जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडता फेडता नवरा व बायको दोघेही सावकाराचे बांधील गडी होत. अशा माणसास 'लग्नगडी' असेच नाव पडले होते. सरकारी अधिकारी सिमिंग्टन याच्या १९३९ च्या अहवालात या वेठबिगारीचे वर्णन आलेले आहे. ताराबाई बोर्डीस आल्या त्याच १९४५ साली, मे महिन्यात, तेथून जवळच असलेल्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात त्या लढ्याचा वृत्तांत आहे. एकाच वर्षी, एकाच मुलखात, बापाच्या मानेवरचे जू काढण्याचे काम एकीकडे आणि मुलाच्या मनातील भीती काढण्याचे काम दुसरीकडे सुरू झाले. दोन्ही कामे करणारी माणसे निराळ्या विचारांची होती. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही दोन कामे परस्परपूरक होती असेच म्हणावे लागते. ज्या घरातील बाप सावकारापुढे मान वर करू शकत नाही, त्या घरातील मूल मास्तरापुढे तोंड उघडील कसे?

आरंभी मुले शाळेत येतच ना. आली तरी टिकत ना. आता येथे कायदा असता तर त्याने दंड केला असता. तज्ज्ञ असता तर त्याने कसोटी लावली असती. या बायकांनी पाड्यावर जाऊन कारण शोधले, आणि जे कारण सापडले त्याप्रमाणे शाळा बदलली. या एका वाक्यात कोसबाडच्या कामाचे सार आहे. ते थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे.

सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण आई मजुरीस गेली आणि कडेवरचे मूल हिच्या गळ्यात पडले. तिला रागावून उपयोग नाही. आईस उपदेश करूनही नाही. तेव्हा शाळेतच पाळणाघर काढले. मुलगी भावंडास घेऊन येई, त्यास पाळण्यात ठेवी आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसे. मधल्या वयाच्या मुलांसाठी तेथेच बालवाडी. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांच्या या एकत्र मांडणीस 'विकासवाडी' हे नाव मिळाले. कागदावर ती शिक्षणशास्त्रातील एक योजना दिसते. प्रत्यक्षात ते एका लहान मुलीच्या अडचणीस दिलेले उत्तर होते.

पाडा दूर आहे, वाटेत ओढा आहे, आणि परक्या इमारतीचे व परक्या माणसांचे लहान मुलांस भय वाटते. तेव्हा बालवाडीच पाड्यातील अंगणात नेली. हीच 'अंगणवाडी'. शिक्षिका अंगणात येऊन बसे. मुले आपल्याच झोपडीच्या दारातून प्रथम दुरून पाहत, मग जवळ येत. त्यांस अंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हा पहिला पाठ होय. शिंपले, बिया, खडे, पाने, माती ही साधने. ती फुकट होती एवढाच त्यांचा गुण नव्हता. ती मुलाच्या ओळखीची होती, आणि ओळखीची वस्तू हाती असली की मूल बोलू लागते.

मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की गुरांमागे जातो. गुरे सोडून तो शाळेत येणार नाही, कारण त्या गुरांवर घरची भाकर अवलंबून. तेव्हा शाळा कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली पाठ चालला आहे, अशा या शाळेस 'कुरणशाळा' म्हणत. फुल्यांनी १८८२ मध्ये गुरे राखणाऱ्या मुलाची अडचण आयोगापुढे मांडली होती. तिला शाळेने दिलेले उत्तर येथे पाहावयास मिळते.

कोणी म्हणेल की, हे सर्व चांगले आहे, पण यास समुपदेशन कसे म्हणावे? हे तर शाळा चालविणे झाले. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. समुपदेशन म्हणजे दुःखी वा गोंधळलेल्या मुलाशी एकांतात बसून शास्त्रशुद्ध रीतीने केलेला संवाद, असा मर्यादित अर्थ घेतला तर कोसबाडास ते नव्हते हे कबूल. परंतु त्या संवादाचे प्रयोजन काय असते? मुलाचे म्हणणे ऐकणे. त्याच्या वागण्यामागील कारण त्याच्या जीवनात शोधणे. त्यास भयमुक्त करणे. आणि शाळेच्या जीवनात त्यास सहभागी होता येईल अशी वाट काढणे. ही चारही प्रयोजने कोसबाडास साधली जात होती. फरक एवढाच की, तेथे ऐकणाऱ्या माणसास शाळा बदलण्याचा अधिकार होता. आजच्या समुपदेशकास तो अधिकार बहुधा नसतो. मुलाने त्यास सांगावे की, अमुक तासास माझी चेष्टा होते. त्याने ते सहानुभूतीने ऐकावे, मुलास धीर द्यावा, श्वास कसा घ्यावा हे शिकवावे. आणि तो तास मात्र जसाच्या तसा चालू राहावा! अशा ऐकण्याने मुलाचे कल्याण होते की त्यास सहन करावयास शिकविले जाते, याचा विचार झाला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी दोन्ही परंपरांतून काही घेतले, परंतु ती दोन निरनिराळ्या खात्यांत टाकली. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची आवश्यकता प्रतिपादन केली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मार्गदर्शन अगदी प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गापासून सुरू व्हावे असे म्हटले, आणि निदान दहा माध्यमिक शाळा मिळून एक फिरता समुपदेशक असावा अशी किमान योजना सुचविली. दहा शाळांस एक ही मागणी आजच्या मानाने अगदीच माफक. तथापि तीही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. दुसरीकडे, अंगणवाडी हा शब्द व ती कल्पना केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने उचलली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी तेहतीस गटांत सुरू झालेली ही योजना आज देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली आहे, आणि ज्या शब्दाचा जन्म वारली पाड्याच्या अंगणात झाला तो शब्द आज तमिळ व आसामी माता सारख्याच सहजपणे उच्चारतात. आपल्या जिल्ह्यास अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु सहा वर्षांचे मूल अंगणवाडीतून उठून शाळेत गेले की, दारी येणारी ती बाई त्याच्या आयुष्यातून नाहीशी होते. शाळेत तिची जागा घेणारे कोणी नसते.

वसई म्हटले की आपल्या मनात १७३९ सालचा चिमाजी आप्पांचा विजय येतो, किल्ल्याचे बुरूज येतात, केळीच्या व फुलांच्या बागा येतात. परंतु कोसबाडची परंपरा वसई तालुक्यातही पुन्हा उगवली, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असते. दिवाळी झाली की पाड्यांवरील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे मूल पाच महिने शाळेत बसते आणि मग पटावरून जणू विरून जाते. कित्येक कुटुंबे उचल घेऊन बांधली गेलेली असत. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला तरी ती प्रथा गेली नव्हती. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी याच तालुक्यात कामास आरंभ केला. उसगाव येथील विधायक संसद आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली श्रमजीवी संघटना यांनी वेठबिगार सोडविले. आणि १९९० नंतरच्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरच शाळा काढल्या. भट्टीवरील मजुराच्या तात्पुरत्या खोपटास भोंगा म्हणतात. त्यावरून या शाळांस 'भोंगाशाळा' हे नाव पडले. कुरणशाळा आणि भोंगाशाळा यांमध्ये अनेक दशकांचे अंतर आहे. पण दोहोंचा विचार एकच. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे. आणि येथे तर १९४५ साली ज्या दोन कामांस निरनिराळे हात लागले होते, ती दोन्ही, म्हणजे बापाची सुटका आणि मुलाची शाळा, एकाच छपराखाली आली.

आज वसईचे रूप पालटले आहे. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची अनेक गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत तिची वस्ती १२ लाख २२ हजारांवर गेली होती. भिंतीस भिंत लागलेल्या इमारतींत निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. आई व वडील पहाटेची लोकल पकडतात आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी येतात. घराची किल्ली गळ्यात अडकवून शाळेत येणारे मूल वारली मुलासारखे उपाशी नसेल. पण दिवसभरात त्याच्याशी पाच मिनिटे स्वस्थपणे बोलणारे मोठे माणूस त्यास मिळत असेलच असे नाही. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी व पुस्तकात तिसरी, अशी कित्येकांची स्थिती आहे. मध्यमवर्गीय घरांत परीक्षेच्या गुणांचा धाक आहे, आणि तो धाक घालणारे आपणच, म्हणजे या मासिकाचे वाचक व लेखक आहोत. मुलाच्या हातात दूरध्वनीचे यंत्र आहे, आणि त्यातून त्यास काय भेटते हे आपणांस ठाऊक नाही. गैरहजेरीची कारणे बदलली आहेत. कारणे शोधण्याची गरज बदललेली नाही.

यावरून प्रशिक्षित तज्ज्ञाची आवश्यकता नाही असा अर्थ कोणी काढू नये. ताराबाईंच्या काळी ज्यांची नावेही कोणी घेत नसे, अशी दुःखे आज उजेडात आली आहेत. घोर नैराश्याने ग्रासलेल्या किंवा अत्याचारास बळी पडलेल्या मुलास केवळ मायेने बरे करता येत नाही. तेथे शास्त्रच पाहिजे. शिवाय कायद्याची जबाबदारी आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्यान्वये अशी गोष्ट कळताच ती पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेव्हा मुलाचा विश्वास राखणे आणि त्याच वेळी कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही हे त्यास आधीच समजावून सांगणे, हे नाजूक काम शिकलेल्या माणसाचेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे. ती बंदी वर्गात पाळली जाते की नाही हे मुलाच्या तोंडून ऐकणारेही कोणी पाहिजेच. मुलास त्याच्यासंबंधीच्या गोष्टींत आपले मत सांगण्याचा हक्क आहे, हे १९८९ च्या राष्ट्रसंघीय बालहक्क संहितेतील तत्त्व आपल्या देशाने १९९२ मध्येच मान्य केले आहे.

म्हणणे एवढेच की, तज्ज्ञाच्या ज्ञानास कोसबाडच्या पायांची जोड मिळावी. न्यायालयाच्या निर्णयानुसार वसई-विरारच्या शाळा उद्या समुपदेशक नेमतील, तेव्हा त्यास एक खोली, एक पाटी व एक टेबल देऊन आपले कर्तव्य संपले असे त्यांनी मानू नये. त्याच्या आठवड्यातील काही वेळ वस्तीवर जाण्यासाठी राखून ठेवावा. सलग काही दिवस न आलेल्या मुलाच्या घरी पहिले पाऊल त्याचे पडावे, नोटिशीचे नव्हे. मुलांकडून त्यास जे कळते त्यातील सांगण्याजोगा भाग, नावे न घेता, मुख्याध्यापक व व्यवस्थापन यांच्यापुढे ठेवण्याचा आणि 'हे वेळापत्रक बदला, ही शिक्षा थांबवा, या मुलीसाठी बसची सोय करा' असे म्हणण्याचा अधिकार त्यास असावा. त्याच्याकडे शिकविण्याचे तास वा परीक्षेची कामे लोटू नयेत. आणि पालकांनीही, त्याने आपणांस बोलावले म्हणजे आपल्या मुलास काही डाग लागला असे समजू नये. या मागण्या फार खर्चाच्या नाहीत. पण त्या मान्य करावयाच्या तर शाळेने आपण चुकू शकतो हे आधी कबूल केले पाहिजे, आणि संस्थांस तेच जड जाते.

ताराबाईंस १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंस १९८५ मध्ये पद्मश्री. त्यांच्या नावे भाषणे होतात, पुतळे व स्मारकेही होतील. परंतु त्यांचे काम ज्या एका सवयीवर उभे होते ती अगदी साधी आहे. मूल आले नाही तर संध्याकाळ होण्यापूर्वी कोणीतरी उठून त्याच्या दारी जावे, आणि ते का आले नाही हे त्यालाच विचारावे. ही सवय ज्या शाळेत असेल तेथे समुपदेशकाचे पद सार्थ होईल. ज्या शाळेत नसेल तेथे हजेरीपत्रकात आणखी एका कर्मचाऱ्याची हजेरी लागेल, इतकेच.